चौतीस हजारांचा मांडव

१२ जून २०२४. मुंबईत रात्रीचे पावणेदहा वाजून गेले होते, न्यूयॉर्कमध्ये ऊन डोक्यावर आलं होतं. अमेरिकेच्या ११० धावांचा पाठलाग करायला भारत उतरला आणि सौरभ नेत्रावळकर नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने पहिल्याच षटकात विराट कोहलीला, तो खेळत असलेल्या पहिल्याच चेंडूवर, यष्टीमागे झेल द्यायला लावला. त्याच्या पुढच्या षटकात रोहित शर्मा गेला. रोहित मुंबईचा. चेंडू टाकणारा नेत्रावळकर मुंबईत जन्मलेला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळून शिकायला अमेरिकेला गेलेला. झेल घेतला हरमीत सिंगने, तोही मुंबईच्या मैदानांवर वाढलेला फिरकी गोलंदाज. पुढे धीर धरून सामना जिंकून देणारे सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे, दोघेही मुंबईचे. मधे सूर्यकुमारचा एक झेल सुटला, तो सोडणाराही नेत्रावळकरच. ही दोघं शाळकरी वयापासून मुंबईच्या संघांत एकत्र खेळलेली. समालोचक विश्वचषक म्हणत होते म्हणून, नाहीतर आझाद मैदानावर कांगा लीगचा सामना चालू आहे असंच वाटावं. चेंडू कधी घोट्यापाशी घसरत होता, कधी हनुवटीपाशी येत होता. पावसाळ्यातल्या ओल्या विकेटवर खेळलेल्या माणसाला त्यात नवल वाटलं नसतं.

सामना संपला, माणसं उठून गेली आणि लगोलग स्टेडियम उतरवायची कामं सुरू झाली. उन्हाळा सरायच्या आत तिथे प्रेक्षक बसत होते याची मोठीशी खूण उरणार नव्हती. टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या आठ सामन्यांसाठी बांधलेलं, ३४ हजार माणसं बसवणारं आंतरराष्ट्रीय स्टेडियम दहा दिवस वापरून मोडीत निघालं.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: मांडव. मुहूर्तमेढ रोवायची, वासे उभे करायचे, खुर्च्या भाड्याच्या, झुंबर भाड्याचं. कार्य उरकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाल्याची माणसं येऊन दोऱ्या सोडतात, आणि अंगणात नुसती बल्ल्यांची भोकं राहतात. नॅसॉ काउंटी इंटरनॅशनल क्रिकेट स्टेडियम हे भारदस्त नाव बाजूला ठेवलं तर लाँग आयलंडवर झालं ते हेच. आकडाही मुंबईकराने ध्यानात घेण्याजोगा आहे. २०११च्या विश्वचषकासाठी नव्याने बांधलेल्या आपल्या वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसं बसतात. म्हणजे वानखेडेपेक्षा थोडा मोठाच मांडव जानेवारीत घालायला घेतला आणि मेच्या मध्याला तयार होता. उद्घाटनाला उसेन बोल्ट आला होता.

यातला बराचसा सांगाडा भाड्याचा होता. लास व्हेगासमध्ये नोव्हेंबर २०२३ला फॉर्म्युला वन मोटारींची शर्यत झाली, तिच्यासाठी उभारलेले स्टँड उचलून इथे आणले गेले. नकाशा 'पॉप्युलस' या कंपनीचा. अहमदाबादचं सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षकांचं नरेंद्र मोदी स्टेडियमही याच कंपनीने आखलेलं आहे. लोखंडी नळ्या, पायऱ्या, खुर्च्या, पत्र्याच्या खोल्या, सगळं नटबोल्टांनी जोडलेलं. पूर्वेकडचा उंच स्टँड टीव्हीवर पाहताना छातीत धस्स व्हायचं, इतका तो उघडा आणि पोकळ दिसे. पण तो ठणठणीत उभा राहिला. लोखंडाने या कथेत कुणालाच दगा दिला नाही.

जागेची गोष्ट त्याआधीची. आयसीसीला आधी न्यूयॉर्क शहरातलंच ब्रॉंक्समधलं व्हॅन कॉर्टलँड पार्क हवं होतं. तिथे एकोणिसाव्या शतकापासून क्रिकेट खेळलं जातं. हल्ली तिथे खेळणारे बहुतेक वेस्ट इंडीज आणि दक्षिण आशियातून आलेले. टॅक्सी चालवणारे, इस्पितळात काम करणारे, दुकानं सांभाळणारे हे लोक शनिवार-रविवारी पांढरे कपडे चढवतात. विश्वचषक दारात येतोय म्हटल्यावर ते हरखून जातील असा हिशेब असावा. झालं उलटंच. स्टेडियम उभं करायचं तर पार्कचा मोठा तुकडा कित्येक महिने बंद राहणार, म्हणजे यांचा अख्खा मोसम जाणार. विरोध करणाऱ्यांत परिसरातल्या रहिवाशांबरोबर तिथल्या क्रिकेट लीगचे लोकही होते. उद्या कुणी शिवाजी पार्कावर पत्रे ठोकून 'सहा महिने आत यायचं नाही, विश्वचषक आहे' असं म्हणालं तर दादरकर काय करतील, ते डोळ्यांपुढे आणावं. ब्रॉंक्सचा नाद सोडून सप्टेंबर २०२३मध्ये आयसीसीने शहराच्या पूर्वेकडचं, उपनगरातलं आयसेनहॉवर पार्क जाहीर केलं.

या भागातली जमीन कूस बदलण्यात तरबेज आहे. आज पार्क आहे तिथे पूर्वी गोल्फचं मैदान होतं; १९२६ सालची अमेरिकन व्यावसायिक गोल्फपटूंची मानाची स्पर्धा वॉल्टर हेगनने इथे जिंकली. जवळच रूझवेल्ट फील्ड. चार्ल्स लिंडबर्ग १९२७मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडायला निघाला तो याच धावपट्टीवरून. तिथे आता भलामोठा मॉल आहे. अशा ठिकाणी दहा दिवसांच्या स्टेडियमचं कुणी काय मनावर घेणार!

न्यूयॉर्क आणि क्रिकेट ही जोडी मात्र वाटते तितकी विजोड नाही. दोन देशांच्या संघांतला पहिला क्रिकेट सामना कुठे झाला, असं विचारलं की बहुतेक जण लॉर्ड्स नाहीतर मेलबर्न म्हणतात. तो झाला सप्टेंबर १८४४मध्ये, मॅनहॅटनमध्ये, सेंट जॉर्ज क्लबच्या मैदानावर, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. कॅनडाने २३ धावांनी जिंकला. पहिली कसोटी व्हायला अजून तेहतीस वर्षं होती. ते मैदान कधीच इमारतींखाली गेलं. नॅसॉच्या आठ सामन्यांतली सर्वांत मोठी धावसंख्याही कॅनडाच्याच नावावर आहे: आयर्लंडविरुद्ध १३७. म्हणजे १८० वर्षांनंतर न्यूयॉर्कमध्ये पुन्हा कॅनडा वरचढ. याला योगायोगापलीकडे अर्थ नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आता मातीबद्दल.

स्टँड भाड्याने मिळतात, खुर्च्या मिळतात, दिवे मिळतात. मधली बावीस यार्डं कुठून आणायची? खेळपट्टी म्हणजे चिकणमातीचा दाबून दाबून घट्ट केलेला थर. पाणी मारायचं, वाळू द्यायचं, रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी. गवताची मुळं खोल गेली की ती माती धरून ठेवतात आणि ओल वरपासून खालपर्यंत सारखी सुकते. लोणचं मुरतं तशी माती मुरते. मैदानावरच्या माळ्याला हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं, अंगठा रुतवून तो सांगतो की अजून दोन दिवस थांबा. काळ्या मातीत भेगा कशा पडतात हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ओल गेली की चिकणमाती आकसते, आकसली की तडकते. मुरलेल्या खेळपट्टीत भेगा उशिरा आणि सावकाश पडतात; कच्च्या खेळपट्टीत त्या आधीच दबा धरून बसलेल्या असतात.

न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात, बर्फाखाली, हे सगळं होणं अशक्यच. म्हणून बाहेर तयार करून आणून बसवायची खेळपट्टी, म्हणजे 'ड्रॉप-इन', हा मार्ग निवडला. कल्पना जुनी आहे. १९७७मध्ये केरी पॅकरने बंडखोर क्रिकेट सुरू केलं तेव्हा ऑस्ट्रेलियातली नेहमीची मैदानं त्याला मिळेनात. जॉन मेली या क्युरेटरने काँक्रीटच्या भल्यामोठ्या परातींत खेळपट्ट्या वाढवल्या आणि त्या उचलून मेलबर्नच्या फुटबॉल मैदानात बसवल्या. आज ॲडलेड, मेलबर्न, पर्थ या मैदानांवर हेच चालतं, कारण हिवाळ्यात तिथे फुटबॉल असतो. ॲडलेड ओव्हलचे मुख्य क्युरेटर डेमियन हफ या विद्येतले जाणकार मानले जातात. नॅसॉचं काम त्यांच्याकडे आणि त्यांच्या चमूकडे दिलं गेलं.

एकूण दहा खेळपट्ट्या: चार मुख्य मैदानात, सहा सरावासाठी. लोखंडी तबकं ॲडलेडहून जहाजाने फ्लोरिडाला आली. फ्लोरिडाच का? हिवाळ्यात तिथे ऊब असते, बर्म्युडा जातीचं गवत तिथे वाढू शकतं. काही महिने तिथे त्यांचं संगोपन झालं आणि वसंत सरता सरता वीसहून अधिक मालमोटारींचा ताफा त्या घेऊन उत्तरेला निघाला. सुमारे दोन हजार किलोमीटर. वरात म्हणावी तर हीच खरी! मे महिन्याच्या सुरुवातीला खेळपट्ट्या बसल्या. सभोवतीचं मैदान वाळूच्या थरावर अंथरलेल्या केंटकी ब्लूग्रास गवताच्या गुंडाळ्यांचं होतं, गालिचा उलगडावा तसं. १ जूनला भारत-बांगलादेश सराव सामना झाला आणि ३ जूनला विश्वचषकातला तिथला पहिला. म्हणजे नव्या जागी रुजायला या मातीला जेमतेम महिना मिळाला, आणि खरोखरीचा सामना तिच्यावर एकही झालेला नव्हता. गावाकडे नवी सून घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या हातचा दोनशे पानांचा स्वयंपाक कुणी लावत नाही.

सराव सामन्यात भारताने १८२ केल्या, तेव्हा सगळं ठीक वाटलं. तरी जमीन पायाखाली भुसभुशीत लागते, पोटऱ्या आणि मांड्या सांभाळाव्या लागतील, असं राहुल द्रविडने तेव्हाच बोलून दाखवलं होतं. मग ३ जूनला श्रीलंका ७७ धावांत गुंडाळली गेली, टी-ट्वेंटीमधली त्यांची तोपर्यंतची सर्वांत कमी धावसंख्या. दक्षिण आफ्रिकेच्या ॲन्रिक नॉर्कियाने ७ धावांत ४ बळी घेतले, आणि ते ७७ करायलाही आफ्रिकेला सतरावं षटक उजाडलं. ५ जूनला आयर्लंड ९६. त्या दिवशी रोहित अर्धशतक करून दंडावर चेंडू बसल्याने परतला, ऋषभ पंतच्या कोपरावर चेंडू आदळला. चांगल्या टप्प्यावरचा एक चेंडू गुडघ्याखाली राहतो आणि त्याच टप्प्यावरचा दुसरा खांद्यावर येतो, तेव्हा फलंदाजाचं तंत्र संपतं आणि नशीब सुरू होतं. दुसऱ्या दिवशी आयसीसीने पत्रक काढून कबूल केलं की खेळपट्ट्या सगळ्यांना हव्या होत्या तितक्या एकसारख्या वागलेल्या नाहीत. क्रिकेटच्या प्रशासकांनी भर स्पर्धेत आपल्याच खेळपट्टीबद्दल असं बोलणं दुर्मीळ. मग डागडुजी सुरू झाली, रोलर फिरू लागला.

आठ सामन्यांत पहिली फलंदाजी करणाऱ्यांच्या धावा मांडून पाहिल्या: ७७, ९६, १३७, १०३, ११९, ११३, १०६, ११०. सरासरी निघते १०७ आणि थोडं वर. आयपीएलमध्ये कधी कधी इतक्या धावा आठ षटकांत होतात.

दोष सगळा मातीचा नाही. सामने सुरू होत सकाळी साडेदहाला. क्रिकेट पाहायला अमेरिकन माणूस काही बुधवारी सकाळी साडेदहाला मोकळा नसतो. मोकळे होतो आपण. न्यूयॉर्कचे साडेदहा म्हणजे भारतातले रात्रीचे आठ, जेवणं आटोपून टीव्हीपुढे बसायची वेळ. सकाळची ओल अंगात असलेल्या खेळपट्टीवर नवा चेंडू पडायचा तो आपल्या सोयीसाठी. अमेरिकेत क्रिकेट रुजवायला बांधलेल्या मैदानाचं घड्याळ मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांवर लावलेलं होतं. त्यात सगळे पाहुणेही सारखे नव्हते. भारताचं हॉटेल मैदानापासून हाकेच्या अंतरावर; श्रीलंकेचा संघ ब्रुकलिनमध्ये, मैदान गाठायला दीड तासाच्या वर. महीश तीक्षणाने पत्रकारांपुढे तक्रार केली. मांडवात वरपक्षाची पंगत आधी बसते, हे आपल्याला माहीत आहेच.

आणि तरीही याच बिघडलेल्या मातीवर ९ जूनला त्या स्पर्धेतला सर्वांत श्वास रोखायला लावणारा सामना झाला. भारत १९ षटकांत सर्वबाद ११९. पाकिस्तानचा डाव निम्म्याहून पुढे सरकला, सामना त्यांच्या खिशात होता, आणि मग जसप्रीत बुमराने रिझवानचा त्रिफळा उडवला. बुमरा १४ धावांत ३ बळी. पाकिस्तान ११३वर थांबलं, भारत सहा धावांनी जिंकला. विश्वचषकात इतक्या कमी धावा राखून जिंकल्याचं उदाहरण तोवर एखादंच होतं. दुसऱ्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेने ११३ धावा राखत बांगलादेशला चार धावांनी हरवलं आणि तोही उच्चांक, की नीचांक, मागे पडला. फलंदाजांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर दोनशे-दोनशे धावांच्या रतिबापुढे या आठ दिवसांची चव वेगळी होती. एक चौकार म्हणजे घटना. एकेरी धाव काढली की टाळ्या. गोलंदाजाला माणूस समजणारं क्रिकेट बऱ्याच दिवसांनी पाहिलं. पण खेळाडूंची बोटं आणि कोपरं पणाला लावून ती चव घ्यावी, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

त्या दिवशी मांडव भरला होता. अधिकृत आकडा ३४,०२८. निळ्या सदऱ्यांचा समुद्र होता, असं सगळ्या वार्ताहरांनी लिहिलं, आणि टीव्हीवरही तसंच दिसत होतं. न्यू जर्सी, कनेक्टिकटहून, कुठून कुठून गाड्या भरभरून आले होते. तिथल्या मराठी मंडळींनी शाळकरी मुलांना दाखवायला आणलं असणार की हे बघ, बाबा ज्याच्यासाठी पहाटे उठतो ते हे. प्रेक्षकांत मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष अमोल काळेही होते, मूळचे नागपूरचे. सामना पाहिल्यानंतर दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय अवघं ४७. मुंबईकर क्रिकेटवाल्यांच्या मनात नॅसॉचं नाव त्या सहा धावांच्या विजयाइतकंच या बातमीशीही बांधलं गेलं आहे. २०२५च्या मे महिन्यात वानखेडेवर रोहित शर्मा, अजित वाडेकर आणि शरद पवार यांच्या नावांचे स्टँड झाले, त्याच वेळी असोसिएशनच्या कार्यालयातल्या दालनाला काळे यांचं नाव दिलं गेलं.

वानखेडेही घाईतच उभं राहिलं होतं, हे विसरायला नको. ब्रेबॉर्न स्टेडियमचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची असोसिएशन यांचं जागांच्या वाटपावरून बिनसलं, आणि शेषराव वानखेडे, विदर्भातले राजकारणी आणि तेव्हाचे विधानसभेचे अध्यक्ष, हट्टाला पेटले. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी काहीशे मीटर अंतरावर साधारण तेरा महिन्यांत स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५मध्ये पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा ठोकल्या. इमारत घाईची असली तरी खेळपट्टी जागच्या जागी घडवलेली होती, आणि तिला मुरायला वेळ मिळत गेला. २०११च्या आधी स्टँड पाडले, वर पांढऱ्या कापडी छताच्या लाटा आल्या, खुर्च्या बदलल्या. धोनीचा षटकार गेला तोही स्टँड नवाच. लाल मातीची जात मात्र मुंबईच्या मैदानांची जुनी ओळखीची.

पक्कं बांधकाम केलं की माती आपोआप सुधारते, असंही नाही. २००७च्या विश्वचषकासाठी अँटिगात चीनच्या मदतीने सर व्हिव्हियन रिचर्ड्स स्टेडियम बांधलं, काँक्रीटचं, कायमचं. फेब्रुवारी २००९मध्ये तिथे इंग्लंडविरुद्धची कसोटी सुरू झाली आणि दहा चेंडूंनंतर थांबवावी लागली. गोलंदाज धावत येताना वाळूत घसरत होते. पंचांनी सामना रद्द केला. ज्या जुन्या, गावातल्या अँटिगा रिक्रिएशन ग्राउंडला निवृत्त केलं होतं, तिथेच दोन दिवसांत धावाधाव करून बदली कसोटी भरवली. ती शेवटच्या चेंडूपर्यंत रंगली, इंग्लंडला अखेरचा बळी काही मिळाला नाही. नवं स्टेडियम ओस आणि जुन्या मैदानात गर्दी, असं ते दृश्य होतं.

त्या तुलनेत नॅसॉचा मांडव प्रामाणिक म्हणायला हवा. चार वर्षांनी ज्याच्या भिंतींवर पिंपळ उगवतो असं पांढरं हत्तीघर मागे ठेवून तो गेला नाही. दक्षिण आफ्रिकेतून, श्रीलंकेतून, वेस्ट इंडीजमधून रिकाम्या स्टेडियमांच्या कहाण्या ऐकलेल्यांना ही पद्धत शहाणपणाची वाटेल. खर्चाचं मात्र वेगळं. जुलै २०२४मध्ये कोलंबोत आयसीसीची वार्षिक सभा झाली तेव्हा अमेरिकेतल्या सामन्यांवर अंदाजाबाहेर पैसा गेल्याची चर्चा गाजली आणि तपासणीसाठी तीन जणांची समिती नेमली गेली. मांडवाचं भाडं स्वस्त नसतं, हे मुलीच्या बापाला विचारावं.

अमेरिकेचा संघ त्या स्पर्धेत सुपर आठमध्ये पोहोचला. डॅलसजवळ ग्रँड प्रेअरीला, बेसबॉलचं मैदान बदलून केलेल्या स्टेडियमवर, त्यांनी सुपर ओव्हरमध्ये पाकिस्तानला हरवलं, आणि ती ओव्हर नेत्रावळकरनेच टाकली. ओरॅकलमधली नोकरी त्याने सोडलेली नव्हती. सामने आटोपल्यावर तो हॉटेलात लॅपटॉप उघडून बसतो, असं त्याच्या बहिणीने वार्ताहरांना सांगितलं. या बातमीचं आपल्याकडे फार कौतुक झालं. मला त्यात मुंबईचं जुनं क्रिकेट दिसलं. बँकेत, रेल्वेत, टाटांच्या कचेरीत नोकरी करून सकाळी नेटमध्ये चेंडू टाकणाऱ्या माणसांच्या पिढ्या इथे होऊन गेल्या.

क्रिकेट आता ऑलिंपिकमध्येही जातंय, १९०० सालच्या पॅरिसनंतर पहिल्यांदा. २०२८च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतले क्रिकेट सामने पोमोनाला ठरले आहेत, आणि तिथलं स्टेडियमही तात्पुरतं असणार आहे. जागा आहे जत्रेची: लॉस एंजेलिस काउंटीची जत्रा १९२२पासून तिथे भरते. मांडवाला याहून शोभेशी जागा मिळणं कठीण. सामने जुलैत आहेत. लोखंड २०२८ उजाडल्यावर आणलं तरी चालेल, व्हेगासचे स्टँड तिथून चार-पाच तासांच्या वाटेवर आहेत. तबकांत माती भरायला मात्र आत्ताच घेतलेली बरी.